जागा उरल्यास

आमच्या घरात गाण्यांना नावं नव्हती, नंबर होते. पप्पा शरणपूरच्या आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे, गायनाचं सगळं त्यांच्याच गळ्यात, त्यामुळे भजनाच्या पुस्तकातली सहाशेच्या वर गीतं त्यांना आकड्यांनी पाठ होती. पहिली ओळ विचारणारा माणूस म्हणजे नवखा. जुनी मंडळी नुसतं म्हणायची, "यशवंतराव, आज एकशे सत्तावन्न घ्या," की पप्पांची बोटं पट्ट्यांवर पडलीच. बसच्या तिकिटावर, दुधाच्या कार्डावर, कुठंही तीन आकडे दिसले की ते गुणगुणायला लागत. आई चिडून भांडी आपटायला लागली की मला हळूच सांगत, "बेबी, आज दोनशे एक आहे. जपून." दोनशे एक म्हणजे वादळात सापडलेल्या तारवाचं गीत. आई आतून ओरडायची, "ऐकू येतंय मला! दोनशे एक काय, आता दोनशे दोन पण ऐकवते." दोनशे दोन शेवटच्या न्यायाच्या दिवसाचं होतं. आता चर्चमध्ये पडद्यावर शब्द उमटतात, नंबर कुणाला लागत नाही. मी अजून सवयीनं आकडा बोलून जाते, तर माझी मुलगी म्हणते, "मम्मी, शब्द सांग ना, नंबर काय सांगतेस!" तिला काय सांगू? आमच्या घरात एका नंबरानं एक वर्षभर माणसाला जगवलं आणि मग एका दुपारी उभं चिरलं.

घरात आम्ही चौघं. पप्पा शाळेत इतिहास शिकवत. आई घर बघायची आणि महिला मंडळाची चिटणीस होती, म्हणजे दोन्हीकडे तिचंच चालायचं. मी एकुलती एक, आणि सुलूआत्या, पप्पांची थोरली बहीण. आत्यानं लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा पप्पा आठवीत होते आणि आत्या नर्सिंग शिकत होती. पप्पांची फी, कपडे, पुढे बी.एड., सगळं तिनं केलं. पप्पा तिला ताई म्हणत आणि ती त्यांना यशा. साऱ्या नाशकात त्यांना यशा म्हणणारी ती एकटीच उरली होती. दवाखान्यात ती बाळंतपणाच्या वॉर्डात होती. महिन्यातून दोनदा जीपमधून हरसूलकडच्या पाड्यांवर जायची आणि येताना नागलीचं पीठ आणि तिथल्या बायकांच्या गोष्टी घेऊन यायची. कडक इस्त्रीचा पांढरा ड्रेस, एका खिशात कात्री, दुसऱ्यात सुपारी. रविवारी उपदेशाला ती हमखास झोपायची आणि "आमेन" मात्र कधी चुकवायची नाही. मी तिला विचारलं होतं, तुला झोपेत कळतं कसं? म्हणाली, "अगं, पाळकसाहेब शेवटाकडे आले की आवाज वाढवतात. बाईला कळा वाढल्यावर कळतं ना, तसंच."

आत्याचा जीव दोन गोष्टींत होता, येशूत आणि सिनेमाच्या गाण्यांत, आणि त्या दोन्हींत तिला कधी भांडण दिसलं नाही. पप्पांना दिसायचं. आमच्यातली तरुण मुलं नाताळात घरोघर गायला निघायची, तेव्हा त्या वर्षी गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर नाताळचे शब्द बसवायची. पप्पा कानावर हात ठेवायचे. शब्द बसवून देणारी आत्या आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, फक्त पप्पांना माहीत नसल्यासारखं आम्ही वागायचो. मेंढपाळांच्या तोंडी तिनं अशी काही नाचरी चाल दिली होती की पाळकसाहेबांच्या अंगणात पाळकीणबाई करंज्यांचं ताट हातात धरून डोलायला लागल्या आणि दोन करंज्या खाली पडल्या. आणि त्या रविवारच्या पौराणिक मालिकेचं तर काय सांगू! सकाळी नऊला ती लागायची आणि आमची उपासनाही नऊलाच. निम्मी मंडळी दहाला येऊन मागच्या बाकावर बसायची. शेवटी पाळकसाहेबांनी उपासना साडेदहाला नेली. कारण सांगितलं थंडीचं. तेव्हा मे महिना होता. आत्या मोठ्यानं "आमेन" म्हणाली होती.

तिच्याकडे एक टेप होता. टू-इन-वन, चंदेरी, दोन मोठे स्पीकर. स्वतःच्या पगारातून घेतलेला. दुकानात मिळणाऱ्या तयार कॅसेटी तिला पटत नसत, "एक गाणं बरं आणि सात टाकाऊ" म्हणायची. म्हणून ती शालिमारला रियाजभाईंकडे कॅसेट भरून घ्यायची. हे भरून घेणं आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. रियाजभाईंच्या दुकानात एक जाडजूड रजिस्टर होतं, त्यात त्यांच्याकडची सगळी गाणी लिहिलेली आणि प्रत्येकाला नंबर. गिऱ्हाइकानं रजिस्टर चाळायचं, चिठ्ठीवर आपलं नाव आणि नंबर लिहायचे, आणि कोरी कॅसेट देऊन जायचं. आठवड्यानं भरलेली कॅसेट मिळे. गाणी लहानमोठी असल्यानं कॅसेटच्या एकेका बाजूच्या शेवटी दोनचार मिनिटं उरायची, म्हणून माहीतगार गिऱ्हाईक चिठ्ठीच्या खाली आणखी एक नंबर लिहून ठेवी, जागा उरल्यास भरायला. आत्या माहीतगार होती. काउंटरवर वाकून नर्सच्या गोल अक्षरात नंबर लिहिताना ती हसायची. "बघ बेबी, आपल्या घरातलंच. तुझ्या बापाचं पुस्तक वेगळं, रियाजभाईचं वेगळं." रियाजभाई म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही आलात की मला टेन्शन. जुनं गाणं मागता, टेप घासलेली असते." त्यांची बायको आत्याच्या हातावर बाळंत झालेली होती, त्यामुळे ते मनापासून चिडू शकत नसत.

मग तो गुड फ्रायडे आला. आमच्यात त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात उपदेश, काळे कपडे, उपास, आणि एप्रिलचं ऊन. आत्याची त्या दिवशी ड्यूटी होती, एक बाळंतपण फार अवघड गेलं होतं. ती घरी आली, आंघोळ केली, आणि टेप लावून खाटेवर आडवी झाली. तिला झोप लागली. तीन वाजता उपासना सुटली आणि सगळी मंडळी गप्प, मान खाली घालून आमच्या गल्लीतून निघाली, आणि आमच्या खिडकीतून एक विनोदी नट ठेक्यात गात होता, त्याच्या मागं बायकांचा कोरस. पाळकीणबाईंनी पदर तोंडाला लावला, तो हसू दाबायला की आणखी कशाला, देव जाणे. पण पप्पा! पप्पांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ते आत गेले, वायर ओढून काढली, टेप उचलला आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. आत्या उठून बसली. पप्पा म्हणाले, "ताई, ईस्टरपर्यंत हा इथंच राहील." आत्या म्हणाली, "बाळ पायाळू होतं रे यशा. वाचलं."

ईस्टर गेला, टेप कपाटातच. खरं सांगते, पप्पा दुष्ट नव्हते. ताईनं एकदा मागावा, मग देऊ, एवढंच त्यांच्या मनात असणार. आणि आत्याच्या मनात असणार, माझी वस्तू मी का मागू? दोघं एकाच आईची लेकरं, नाकावरचा राग सारखाच. जेवणं एकत्र व्हायची, "यशा, आमटी वाढू?" "वाढ ताई," सगळं गोड चालायचं आणि त्या टेपचं नाव कुणी काढायचं नाही. आई एकदा म्हणाली, "अहो, देऊन टाका ना." पप्पा म्हणाले, "मी नाही म्हटलंय का?" ही अशी वाक्यं घराघरात बोलली जातात आणि वर्षं त्यात जातात. पावसाळा सरता सरता आत्याचं पोट दुखायला लागलं. ती नर्स होती, तिला आमच्याआधी कळलं होतं. ऑपरेशन झालं, उघडून परत शिवलं. तिनं घरी यायचा हट्ट धरला. पुढच्या खोलीत तिची खाट टाकली. पप्पा शाळेतून आले की थेट तिच्याजवळ बसायचे, बायबल वाचायचे, हात हातात घेऊन प्रार्थना करायचे. तिला आवडतात म्हणून आई शेवयांची खीर करायची, दोन चमचे जायची. मला ती एकदा म्हणाली, "बेबी, शालिमारला जाणं होईल का गं तुझं?" माझी कॉलेजची सहामाही चालू होती. मी म्हटलं, "बघते आत्या." बघते! आज हा शब्द माझ्या तोंडून निघाला की मीच दचकते. ती परत बोलली नाही, मीही विसरून गेले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, पप्पा प्रार्थना करत असताना ती गेली. "आमेन" म्हणायला ती नव्हती, तेव्हा पप्पांना कळलं.

चिठ्ठी सापडली ती तेव्हाच. उशाशी तिचं भजनाचं पुस्तक होतं, ते उचलताना पप्पांच्या हातात आली. पप्पांनी ती वाचली आणि पहिल्यांदा हुंदका दिला. आईला म्हणाले, "बघ, बघ, ताईनं आपली गीतं काढून ठेवलीत." नंबर लिहिले होते, आणि वर, "सुलोचना. याच क्रमाने घ्यावीत." पाहुणे जमायला लागले होते, मी चहाच्या पातेल्यापाशी होते. मी ती चिठ्ठी पाहिली नाही. पाहिली असती, तर त्या दिवशी काय केलं असतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दफनविधी दुसऱ्या दिवशी झाला. आमच्यात बाजालाही पेटी म्हणतात आणि जिच्यात माणूस ठेवतात तिलाही. एका पेटीत आत्या होती आणि दुसरीशी पप्पा बसले होते. चर्च खचाखच भरलं होतं. हरसूलकडनं दोन जीपा भरून बायका आल्या होत्या, त्या दाराशी बसल्या. पप्पांनी एकेक नंबर सांगितला. एक्केचाळीस, एकशे अठरा, दोन्ही बरी होती, स्तुतीची. तिसरा आकडा नऊशे चौदा होता. आमचं पुस्तक साडेसहाशेच्या आतच संपतं. पप्पांनी उभं राहून सांगितलं, "ताईचा हात थरथरला असावा. हे चौऱ्याण्णव आहे." चौऱ्याण्णव झालं, सदुसष्ट झालं. आणि मग म्हणाले, "शेवटी तिनं लिहिलंय, जागा उरल्यास, तीनशे बारा." मंडळीनं पुस्तकं चाळली, आणि बाकाबाकावरनं माना वर झाल्या. तीनशे बारा लग्नाचं गीत होतं. नवरानवरी वेदीपासून वळून दाराकडे चालायला लागतात, तेव्हाचं.

तेव्हा माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. "जागा उरल्यास" हे दोन शब्द मी कुठं ऐकले होते ते मला तिथंच, उभ्या उभ्या आठवलं. पण पप्पांनी सूर धरला होता. लग्नाची चाल त्यांनी अगदी संथ घेतली, दुःखाची करून. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्याला मात्र त्यांची बोटं सवयीनं पळायला लागली, वीस वर्षं त्यांनी ते गीत लग्नातच वाजवलेलं, आणि दोन म्हाताऱ्यांनी टाळ्यांसाठी हातही उचलले, मग घाबरून पदरात लपवले. मला हसू आलं. माझी आत्या समोर पेटीत होती आणि मला हसू फुटत होतं, आणि त्याच वेळी मी इतकी रडत होते की आईनं मला धरून ठेवलं. पाळकसाहेब उभे राहिले. त्यांनी तयार करून आणलेला उपदेश बाजूला ठेवला. म्हणाले, "आपल्या सुलोचनाबाईंचं या जगात लग्न झालं नाही. आज त्या आपल्या वरासमोर उभ्या आहेत. आणि नम्रता बघा, बंधूंनो. म्हणतात, जागा उरल्यास! बाई, पित्याच्या घरी जागेला काय तोटा?" सगळं चर्च रडलं. मी एवढा चांगला उपदेश त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. दाराशी हरसूलची एक म्हातारी मोठमोठ्यानं सांगत होती, "लय मायाळू बाय व्हती. आमाला कळा येत तवा शिनुमाची गानी म्हनायची. आमी वरडत व्हतो अन् ती गात व्हती." पप्पांनी ते ऐकलं की नाही, माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर पप्पांनी मला चिठ्ठी दाखवली. दवाखान्याच्या कागदाचा तुकडा, मागच्या बाजूला तिच्याच औषधांच्या वेळा. रियाजभाईंसाठीची चिठ्ठी. मला शंभर टक्के कळलं. आणि पप्पा सांगत होते, "बेबी, मला वाटत होतं ताई माझ्यावर रागावून गेली. त्या टेपवरून. पण शेवटी तिनं आपलीच गीतं निवडली. तिनं मला माफ केलं गं." दोन दिवस ते जेवले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी वरणभात मागितला. आता मी काय बोलणार? माझ्या तोंडाला कुलूप लागलं. त्या नाताळात आमच्या दारावर चांदणी लागली नाही, करंज्या शेजारच्यांनी आणून दिल्या. पप्पांनी ती चिठ्ठी काचेच्या फ्रेममध्ये बसवून पेटीच्या वर टांगली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. आणि आमच्यात आत्याच्या गोष्टी व्हायला लागल्या. म्हणे तिला एक डॉक्टर आवडत होता. म्हणे तिनं लहानपणीच प्रभूला वचन दिलं होतं. एका बाईंनी तर महिला मंडळात साक्ष दिली की सिस्टरनं शेवटच्या दिवसांत सिनेमाचा त्याग केला होता. मी मागं बसून नखं खात होते. माझी आत्या माझ्या डोळ्यांदेखत दुसरीच कुणीतरी होत चालली होती, आणि ती दुसरी बाई मला मुळीच आवडत नव्हती.

तरी मी वर्ष काढलं. काढलंच असतं आणखी, पण वर्षश्राद्धासारखं आमच्यात वर्षानं कबरीवर दगड बसवतात. पप्पा मला घेऊन पंचवटीच्या बाजूला एका पाथरवटाकडे गेले. किसनराव त्याचं नाव. काळा दगड आधीच घासून ठेवला होता. पप्पांनी कागदावर मजकूर लिहून नेला होता: आत्याचं नाव, खाली "परिचारिका", आणि त्याखाली "जागा उरल्यास, गीत ३१२." किसनरावांनी वीत लावून मोजलं, खडूनं रेघा मारल्या, पुसल्या, परत मारल्या. मग म्हणाले, "साहेब, नाव बसतंय. पर हे 'जागा उरल्यास' हाय ना, त्याला काय जागा उरत नाय."

मला काय झालं कोण जाणे. मी तिथं, दगडाच्या चुऱ्यात, खो खो हसायला लागले. पप्पा बघत राहिले. "बेबी! शोभतं का हे?" आणि मी एका दमात बोलून टाकलं. "पप्पा, ती गीतं नाहीत. ती रियाजभाईंची चिठ्ठी आहे. कॅसेट भरायची. बाजूच्या शेवटी जागा उरली तर तीनशे बारा भरा, असं. म्हणून नऊशे चौदा. आत्याचा हात थरथरला नव्हता पप्पा, तिचा हात कधीच थरथरायचा नाही." किसनरावांना काही समजलं नाही, पण त्यांनी छिन्नी खाली ठेवली. पप्पा दगडाच्या कडेवर बसले. म्हणाले, "मागं औषधांच्या वेळा आहेत. म्हणजे शेवटच्या महिन्यातली चिठ्ठी."

"हो."

"टेप तर कपाटात होता."

"हो पप्पा."

"मग ऐकणार कशावर होती ती?"

मला उत्तर येत होतं. त्यांनाही येत होतं. ती वाट बघत होती. आपला यशा टेप आणून उशाशी ठेवील, म्हणून कॅसेट आधी भरून ठेवावी, एवढाच तिचा हिशेब होता. मी रडत म्हटलं, "मला तिनं शालिमारला जायला सांगितलं होतं. मी बघते म्हटलं." पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्यावर ते रागावले नाहीत, आणि मला ते जास्त लागलं. किसनरावांना म्हणाले, "नुसतं नाव आणि परिचारिका. बाकी पुसा."

तिथून ते मला घेऊन सरळ शालिमारला गेले. पप्पा आयुष्यात त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. रियाजभाईंनी ओळखलं, खुर्ची दिली, "सिस्टर के भाई आप," म्हणाले, डोळे पुसले. चिठ्ठी घरी फ्रेममध्ये होती, पण पप्पांना ती पाठ होती; मजकुराच्या कागदामागं त्यांनी ती जशीच्या तशी लिहून पुढे केली. रियाजभाईंनी एका नजरेत वाचली. "हां, हे सिस्टरचंच. तीनशे बारा ना? लावतो." मला वाटलं होतं काहीतरी विरहाचं, आर्त असं निघेल. निघालं ते एक टोपी हरवलेल्या माणसाचं गाणं. तो माणूस सगळ्या गावाला विचारत फिरतो, माझी टोपी पाहिली का, आणि टोपी त्याच्या डोक्यावरच असते, असं काहीतरी. मधे शिंकांचा ठेका. पप्पा खुर्चीतून उठले. चर्चमध्ये गीताला उभं राहतात तसे हात सरळ ठेवून उभे राहिले आणि संपेपर्यंत हलले नाहीत. बाकीची पण लावू का, रियाजभाईंनी विचारलं. पप्पांनी सगळी ऐकली. गिऱ्हाइकं येत होती, रियाजभाई त्यांना हातानंच थांबा म्हणत होते. पाच गाणी झाल्यावर पप्पा म्हणाले, "हिला हसायचं होतं."

घरी आल्यावर त्यांनी फ्रेम उतरवली. आई म्हणाली, जाऊ द्या, कुणाला कळणार आहे? पाळकसाहेबांना समजलं तर बिचाऱ्यांना काय वाटेल, एवढा सुंदर उपदेश झाला होता. ते खरंच होतं. त्या उपदेशानं मंडळीतली दोन भांडणं मिटली होती, एका विधवा बाईनं परत चर्चला यायला सुरुवात केली होती. मीच आता पप्पांना म्हणायला लागले, राहू द्या. पप्पा म्हणाले, "माझ्या ताईच्या नावानं मी वर्षभर खोटी साक्ष दिली. नकळत असेल. आता कळलंय."

रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे मंडळीतलं कुणीही पुढे येऊन आपला अनुभव सांगतं तेव्हा, ते पेटीवरून उठले आणि पुढे जाऊन उभे राहिले. मंडळीला वाटलं, वर्ष झालं म्हणून बोलतील. त्यांनी शिक्षकासारखं सगळं क्रमानं सांगितलं. रियाजभाईंचं रजिस्टर, नंबर, चिठ्ठी. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. नऊशे चौदाचं सांगितलं तेव्हा बायकांच्या बाजूला हशा झाला. "जागा उरल्यास" म्हणजे कॅसेटच्या शेवटची तीन मिनिटं, हे सांगितल्यावर तर सगळं चर्च हसायला लागलं, पाळकीणबाई डोळे पुसून पुसून हसत होत्या, आणि पाळकसाहेबांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग तेही हसले, मोठ्यानं, खांदे हलवून. पप्पा पण थोडं हसले. कित्येक दिवसांनी माझी खरी आत्या तिथं आली आहे असं मला वाटलं, सुपारीच्या वासासकट. मी आईचा हात धरला.

पप्पा हशा थांबायची वाट बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मंडळी, एक राहिलं. तिचा टेप मी काढून घेतला होता. गुड फ्रायडेला. ती आजारी पडल्यावर रोज तिच्या खाटेशी बसलो, तिचा हात धरून प्रार्थना केली. तुमच्यातल्या कितीकांनी ते पाहिलंय, माझं कौतुकही केलंत."

चर्चमध्ये आता कुणी हसत नव्हतं.

"तिला काय हवंय ते मी देवाला विचारत होतो," पप्पा म्हणाले. "आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती."